कवळीमास्तरांचा डोंगर

कवळीमास्तरांच्या डोंगरात अख्ख्या गल्लीचे जबडे होते. गल्लीला हे माहीत नव्हतं म्हणून बरं, नाहीतर कुणीतरी येऊन आपापला परत मागितला असता.

मास्तरांचा धंदा कवळ्या करायचा. तोंडाचा ठसा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा आणि त्या जबड्यावर कवळी बेतायची. कवळी गिऱ्हाइकाच्या तोंडात जायची आणि प्लास्टरचा जबडा मास्तरांच्या माळ्यावर. फेकून द्यायला जीव होत नसे.

"लोक आठवणी जपतात, हे हिरड्या जपतात," बायको म्हणायची.

धंदा बंद केला आणि मास्तरांनी मागच्या खोलीत टेबलावर छोट्या रेल्वेचे रूळ मांडले. वडील जिथे स्टेशनमास्तर होते ते स्टेशन त्यांना उभं करायचं होतं, आणि तेही आक्काच्या पंच्याहत्तरीला. आक्का म्हणजे थोरली बहीण. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली आणि वरच्या मजल्यावरून अजून घर चालवणारी. तिला मागच्या खोलीत यायला वर्षभर बंदी होती. वडिलांची त्या स्टेशनावरून बदली झाली तेव्हा मास्तर नुकतेच चड्डीची नाडी स्वतः बांधायला लागले होते. तेवढ्या आठवणीवर सगळं काम.

सामान घरचंच. भुश्शाला हिरवा रंग देऊन गवत झालं, भांड्यांच्या घासण्या कातरून झाडं झाली. सुट्या पटाशीच्या दातांचे मैलाचे दगड ओळीने उभे राहिले. स्टेशनाचं छप्पर कवळीच्या उरलेल्या मसाल्याचं, म्हणून हिरडीसारखं गुलाबी.

"पाऊस आला की छप्पर सुजेल हो," बायको म्हणाली.

"तू फक्त दे," मास्तर म्हणाले.

कारण तेव्हा डोंगराचं काम चालू होतं. मास्तरांना सगळ्यात लख्ख आठवत होता तो फलाटामागचा काळा डोंगर. ते टेबलाखाली शिरायचे, मधल्या भोकातून वर यायचे आणि न बघता हात पसरायचे. बायको माळ्यावरचा एकेक जबडा त्यांच्या हातावर ठेवायची. किराणावाल्याचा खालचा, पोस्टमनचा वरचा, असा डोंगर चढत गेला. मग प्लास्टरमध्ये बुडवलेल्या ओल्या फडक्यांनी तो लपेटायचा. सुकला की खडकच.

गोची फडक्याने केली.

आक्काची जुनी कवळी मोडली होती. वाढदिवसाला रविवारी तिचे जुने विद्यार्थी येणार, भाषण होणार, फोटो निघणार, म्हणून मास्तरांनी खास नवी केली होती. पण तयार कवळी वाळली की वेडीवाकडी होते, म्हणून ती जबड्यावरच बसवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. कुठे, तर प्लास्टरच्या बादलीशेजारी. मास्तरांनी हात पसरला, बायकोने समोरचं ओलं बोचकं दिलं.

शनिवारी सकाळी मास्तर कवळी न्यायला गेले तेव्हा बादली होती, बोचकं नव्हतं.

"ते ओलं गाठोडं काय केलंस?"

"तुम्हीच तर म्हणालात, दे."

दोघांनी एकदमच डोंगराकडे बघितलं. डोंगर दगडासारखा टणक झाला होता.

मास्तरांनी डोंगरातून काढलेल्या बोगद्यात दात तपासायचा आरसा घातला. आत दातच दात, पण सगळे प्लास्टरचे. मग छोट्या हातोडीने डोंगर ठोकत ठोकत कान लावला.

"विचारा ना, दुखतंय का म्हणून."

"चेष्टा सुचतेय तुला?"

"दुसरी करा."

"मागच्या खेपेला ठसा घेताना आक्का हिरड्यांनी चावली मला. आता नवा ठसा, त्यावर नवी कवळी, उद्याच्या आत कुठली होतेय? डोंगर फोडायला लागणार."

हे बोलून मास्तर स्टुलावर बसले ते उठेचनात. एका वर्षाचं काम होतं. आणि डोंगर नसला तर आक्काला दाखवायचं काय, गुलाबी छप्पर?

तेवढ्यात दारात आक्का उभी. तोंडाला पदर.

"छोट्या, माझे दात कुठायत?"

मास्तरांनी डोंगराकडे बोट केलं. आक्का आत आली. वर्षभराची बंदी अशी एका बोटाने उठली. तिने फलाट बघितला, सिग्नल बघितला, तिकिटाची खिडकी वाकून बघितली. मग गुलाबी छपरावरून बोट फिरवलं.

"हे काय?" शेवटी ती डोंगराकडे बघून म्हणाली.

"डोंगर. आपला. फलाटामागचा."

"आपल्याकडे कुठला डोंगर?"

"काळा. मला चांगला आठवतोय."

आक्काने पदर तोंडावर घट्ट दाबला. खांदे हलायला लागले. मास्तरांना वाटलं रडतेय, पण ती हसत होती.

"अरे वेड्या, ती इंजिनाच्या कोळशाची रास. तू एवढासा होतास. तुला ती डोंगर वाटायची."

"रास?"

"माझ्या कमरेएवढी."

बायकोने हातोडी पुढे केली. मास्तर घेईनात, तेव्हा आक्काने घेतली आणि मुख्याध्यापिकेच्या सरावाने एक सणसणीत दिली. शिखर कोसळलं. पोस्टमन फलाटावर पडला, किराणावाला रुळांवर. मग मास्तरही खाली बसले आणि एकेक जबडा सोडवायला लागले. प्रत्येकाला ओळखत होते, प्रत्येकाची चौकशी आक्का करत होती. हा वारला का, ही अजून सुपारी फोडते का. निम्मा डोंगर उतरल्यावर बोचकं सापडलं. आत कवळी धडधाकट होती.

आक्काने ती धुऊन बसवली, दात दोनदा आपटले आणि मास्तरांकडे बघून म्हणाली, "छान झालीय. आता पुरे. एवढा राहू दे."

"एवढा? कमरेएवढी रास म्हणजे या हिशोबात बोटभरसुद्धा नाही. हा तर छपरापेक्षा उंच आहे."

"असू दे. काळा रंग दे. तुला एवढीच दिसायची ना?"

मग तिने विचारलं, "बाबा कुठायत?"

मास्तरांनी खिशातून एक सुळा काढला. घासून घासून त्याचा माणूस केला होता. पांढरा गणवेश, टोपी, हातात टाचणीची झेंडी. "कुठे उभे राहायचे ते आठवेना, म्हणून चिकटवला नाही."

आक्काने सुळा घेतला. फलाटाच्या टोकाला नेला, तिथून उचलला आणि कोळशाच्या राशीपाशी ठेवला.

"इथे. गाडी आली की इथेच. एका हातात हिरवी झेंडी आणि दुसऱ्या हातात तुझी चड्डी, वर चढू नयेस म्हणून."

मास्तर चष्मा पुसायला लागले. चष्म्यावर प्लास्टर होतं, त्यामुळे ते पुसणं बराच वेळ चाललं. बायको तोवर सुट्या दातांच्या डब्यात बोट घालून ढवळत होती.

"काय शोधतेयस?"

"दुधाचा दात मिळतोय का बघते," ती म्हणाली. "तुम्ही करायचे राहिलात की."