शेवटची खाच

गाडी दुरुस्त करायची की नवी घ्यायची, यावर आमच्या घरात जेवढा काथ्याकूट झाला तेवढा मुलीच्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. मुलगी सासरहून फोनवर सांगायची, बाबा, ती मोटरसायकल आता भंगारात घाला. शेजारी म्हणायचे, तुमची गाडी सुरू झाली की आमचं बाळ दचकून उठतं. मी म्हणायचो, गाडी माझी आहे, कान तुमचे आहेत, कापूस घाला. मी लेथवर काम करतो. उभा जन्म लोखंड कापण्यात गेला. केसाएवढा फरक याच्या बोटाला कळतो, असं आमचा फोरमन चार लोकांत सांगतो. त्यामुळे यंत्राच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही.

बायको गाडीला सवत म्हणते. सुट्टीच्या दिवशी मी गाडी धुवायला बसलो की ही दारात उभी राहून म्हणणार, "सवतीची आंघोळ झाली असेल तर आमच्याकडेही बघा जरा. भाजी आणायची आहे."

गाडीवर बसायची आमची एक रीत आहे. गाडी नवी होती तेव्हा मी एकदा हिला पेट्रोल पंपावर विसरून आलो होतो. ही खाली उतरली होती, मला वाटलं बसली, मी निघालो. वर तोंड चालूच, कारखान्यातल्या कुणाची तरी उणीदुणी काढत होतो. दोन चौक ओलांडले तरी मागून हं नाही की चूं नाही, तेव्हा मान वळवली. परत गेलो तर ही पंपावरच्या माणसाला माझं वर्णन करून सांगत होती. त्या दिवसापासून ठरलं, हिने मागे धप्पकन बसायचं. गाडी मागून दबली की मी क्लच सोडायचा. मी "बसलीस का" विचारायचं नाही, तिने "बसले" सांगायचं नाही. अबोला असला तरी ही रीत चालू राहायची. उलट अबोल्यात ती जरा जास्तच धप्पकन बसायची.

गेल्या वर्षी तिला पोटाचं दुखणं लागलं. त्या दुखण्याचं नाव मी घेत नाही आणि दुसऱ्या कुणी घरात घेतलेलं मला चालत नाही. दर आठवड्याला तिला हॉस्पिटलात न्यायचं, तिथे खाटेवर झोपवून सलाईनमधून औषध देतात, संध्याकाळपर्यंत घरी आणायचं. बंद गाडीत बसलं की तिच्या पोटात ढवळतं. रिक्षा करून पाहिली, जावयाची कार बोलावून पाहिली, दोन्ही वेळा अर्ध्या रस्त्यात थांबावं लागलं. तोंडावर वारा लागला तरच तिला बरं वाटतं. म्हणजे राहिली ती सवत.

आणि नेमकी आताच सवत दणके द्यायला लागली. रस्त्यात साधा खड्डा आला की मागे ही माझा खांदा घट्ट धरायची. तोंडातून शब्द नाही, फक्त बोटं रुतायची. हॉस्पिटलात पोचेपर्यंत चेहरा पांढराफटक. मी रस्त्याला शिव्या देऊन पाहिल्या, हळू चालवून पाहिली, सीटवर घरातली उशी बांधून पाहिली. तिला दुखायचं ते दुखायचंच.

डॉक्टर म्हणाले, खाणं वाढवा. मी म्हणालो, वाढवतो. ती थोडी वाळली होती, पण आजारपणात माणूस वाळतंच. औषध लागू पडतंय, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगत होतो. बिघाड होता तो गाडीत.

गाडीचा डॉक्टर म्हणजे माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून त्याचं गॅरेज आहे. आई लवकर गेली म्हणून हिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवला. आता तो टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस आहे, पण ताई आली की हातातला पाना खाली ठेवून उभा राहतो. आमच्या गाडीला त्याच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. इंजिन त्यानेच दोनदा उघडलं, नवी चेन त्यानेच घातली. कुणी गाडीला नाव ठेवलं तर माझ्याआधी तो भांडायला उठायचा.

म्हणून त्या दिवशी त्याचं बोलणं ऐकून मी चाटच पडलो. मी म्हणालो, "मागचे शॉकअप बघ, फार दणके बसतात तुझ्या ताईला." तर हा वर न बघता म्हणतो, "भाऊजी, विका आता ही. नवी घ्या."

"शॉकअप बदल म्हटलं की गाडी बदला? पाहुणेबुवा, शोरूमवाल्याने कमिशन लावलंय काय तुम्हाला?"

एरवी यावर त्याने मला सव्याज परत केलं असतं. आमची थट्टा कायम अशीच चालते. पण तो नुसता हात पुसत राहिला. "शॉकअपमध्ये काही दोष नाही," म्हणाला. "नवी घ्या, एवढंच सांगतो."

"दोष नाही तर नवी कशाला?"

"म्हटलं ना, घ्या," असं म्हणून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला. घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळेना. मी तणतणत घरी आलो.

सुट्टीच्या दिवशी मीच मांडी घालून गाडीमागे बसलो. शॉकअपच्या खालच्या अंगाला एक रिंग असते, तिला पायऱ्यांसारख्या खाचा असतात. रिंग फिरवून वरच्या खाचेत नेली की स्प्रिंग कडक, खाली आणली की मऊ. एकदा लावली की वर्षानुवर्षं कुणी तिकडे बघत नाही. आमची रिंग कायम मधल्या खाचेत असायची. आता बघतो तर खाली सरकलेली, शेवटून दुसरीत. मला हसूच आलं. काखेत कळसा नि गावाला वळसा. रिंग सरकली, स्प्रिंग ढिली पडली, गाडी आपटायला लागली, आणि एवढ्यासाठी हा मला नवी गाडी घ्यायला सांगतो. मी पाना लावला आणि दोन्ही बाजूंच्या रिंगा थेट वरच्या खाचेत नेऊन ठेवल्या. वर बायकोला ऐकवलं, "तुझ्या भावाला म्हणावं, नाचता येईना अंगण वाकडं."

ती पायरीवर स्वेटर घालून बसली होती. म्हणाली, "माझ्या भावाला काही बोलू नका. तो उगाच काही करत नाही."

पुढच्या खेपेला मी गाडीवर बसून वाट बघत होतो. जरा वेळ गेला. म्हणालो, "बस की गं, उशीर होतोय."

मागून आवाज आला, "केव्हाची बसलेय."

मी खूश झालो. म्हटलं, बघ, स्प्रिंग कशी टाईट झाली, जराही दबत नाही. आणि निघालो.

त्या दिवशी ती पहिल्यांदा रस्त्यात ओरडली. मोठ्याने नाही, पण ओरडली. मी गाडी बाजूला घेतली. एका बंद दुकानाच्या पायरीवर ती पोट धरून बसली, डोळ्यांतून पाणी चाललेलं. मी समोर उभा राहून गाडीला लाथ मारली. "उद्याच्या उद्या नवी घेतो," म्हणालो. "मसणात गेली ही."

"सवतीला लाथ मारू नका हो," ती म्हणाली. "तिने काय केलंय?"

पण माझं ठरलं. शोरूममध्ये जाऊन नवी गाडी पसंत केली. मुलीला कळवलं, ती म्हणाली, बाबा, उशिरा का होईना सुचलं तुम्हाला. आता जुनी मेहुण्याच्या गॅरेजला लावायची, गिऱ्हाईक आलं की तो विकून टाकेल, असं ठरवून मी ती घेऊन गेलो.

"घे, जिंकलास," मी म्हणालो. "नवी घेतोय. मी स्वतः रिंगा कडक करून पाहिल्या, तरी काही उपयोग झाला नाही."

तो चहा पीत होता. पेला तसाच धरून म्हणाला, "रिंगा काय केल्या?"

"वर घेतल्या. खाली सरकल्या होत्या. तुझं लक्ष कुठे असतं?"

पेला ठेवून तो गाडीमागे वाकला. बोटाने एक रिंग चाचपली, दुसरी चाचपली. मग उठलाच नाही, तिथेच जमिनीवर बसला.

"भाऊजी, त्या सरकल्या नव्हत्या," तो म्हणाला. "मी खाली आणल्या होत्या."

"तू? का?"

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "तुम्ही कारखान्यात होतात तेव्हा एकदा मी ताईला हॉस्पिटलात नेलं होतं ना, तेव्हा कळलं. गाडी दोन माणसांवर लावलेली आहे. मागे वजनच नसलं तर स्प्रिंग दबत नाही, सगळा दणका वरच्या माणसाच्या अंगात जातो. म्हणून एक खाच खाली आणली. थोडे दिवस बरं चाललं. मग तुम्हीच येऊन म्हणालात, दणके बसतात."

माझी बोटं, ज्यांना केसाएवढा फरक कळतो ती, खिशात होती.

"मग आता काय, एकच खाच उरलीय," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही गाडी आणलीत तेव्हा पाना हातात घेतला होता मी. नाही झालं. जिने मला कडेवर घेऊन वाढवलं तिचं वजन मी असं खाच खाच करून उतरवत बसलोय. म्हणून म्हटलं नवी घ्या. नवीच्या रिंगा तिथे शोरूमवाले लावतील, माझ्या हातून नको."

मला राग आला. कुणाचा ते आजही सांगता येत नाही. मी म्हणालो, "मला सांगता येत नव्हतं? मूग गिळून बसलास?"

"तुम्ही बोलू देता का कुणाला?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "घरात दुखण्याचं नाव काढलं की तुम्ही ताट सोडून उठता. ताईच मला म्हणाली, त्यांना सांगू नकोस, त्यांच्याने सोसायचं नाही."

म्हणजे तिला ठाऊक होतं. भावाला ठाऊक होतं. बहुधा मुलीलाही असेल, नाहीतर फोनवर बोलता बोलता तिचा आवाज का बदलायचा. एकटा मी डोळ्यांवर कातडं ओढून बसलो होतो, आणि नुसता बसलो नव्हतो, पाना घेऊन रिंगा वर चढवत होतो. ती दुकानाच्या पायरीवर पोट धरून बसली ते माझ्यामुळे. मला तिथे, गॅरेजमध्ये, लोकांच्या गाड्यांमध्ये उभं राहून रडू आलं. मेहुण्याने शटर अर्धं खाली ओढलं.

डोळे पुसून मी विचारलं, "नव्या गाडीने फरक पडेल?"

"नवीची स्प्रिंग हिच्यापेक्षा कडक असणार," तो म्हणाला. "ही निदान आपलं ऐकते."

"दे पाना."

"भाऊजी, मी करतो आता."

"दे म्हटलं ना."

आधी उजवी बाजू केली. वरच्या खाचेतून एकेक खाली. मधली आली, तिथे जरा थांबलो. ही आमची खाच होती. मुलगी लहान असताना मध्ये बसायची तेव्हाही हीच, दोघंच राहिलो तेव्हाही हीच. मग त्याखालची, त्याने आणून ठेवलेली. शेवटच्या खाचेत रिंग जाताना टक् असा बारीक आवाज झाला. तिच्याखाली काही नव्हतं. मग डावी केली. मेहुणा शेजारी उकिडवा बसून गाडी धरून होता.

घरी आलो तेव्हा ती खिडकीशी पडून होती. "ठरलं का तुमचं?" तिने विचारलं.

"ठरलं. हीच ठेवायची."

"बरं झालं. सवतीशी माझं जमलंय आता, या वयात दुसरी कुठे सांभाळू?" तिने माझे डोळे पाहिले. काय झालं ते विचारलं नाही, नुसती सरकून मला बसायला जागा दिली. मी बसलो. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी विचारलं, "फार दुखतं का गं?" ती म्हणाली, "हो, फार दुखतं." तेवढंच आम्ही बोललो, पण ते बोललो.

हॉस्पिटलचा दिवस आला. मी गाडी फाटकाबाहेर काढली, सुरू केली, दोन्ही पाय टेकून बसलो. शेजारणीने हिला हाताला धरून आणलं. या वेळी मी काही बोललो नाही, घाईही केली नाही. इंजिन बंद केलं, म्हणजे हाताला आणि पाठीला दुसरं काही जाणवू नये. समोर रस्त्याकडे बघत राहिलो.

गाडी मागून दबली. एवढीशी. पूर्वी मुलीचं दप्तर मागे ठेवल्यावर दबायची तेवढी. मी तसाच बसून राहिलो. माझी बायको आता एवढीच उरली होती आणि ती माझ्या मागे बसली होती.

"अहो, बसलेय मी," ती म्हणाली. "काय झालं?"

"कळलं मला," मी म्हणालो, आणि किक मारली.