अस्सल आमटीवर शेव

आमची सून शिखा इन्स्टाग्रामवर 'अस्सल मराठी सून' आहे. घरात ती नुसती शिखाच आहे. इकडे हिंदी मुलखात, अन्नपूर्णा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जीन्स घालून वावरते, "आई, चाय घेणार क्या?" विचारते, आणि मी घेते. पण फोन स्टँडवर चढला की नऊवारी, नथ आणि पुण्याची भाषा. एकदा तर मला बघून "अय्या!" म्हणाली. मी दचकून मागे वळून पाहिलं.

त्या रविवारी पुण्याची एक मसाला कंपनी तिचं लाइव्ह बघून ठरवणार होती, जाहिरातीत शिखाला घ्यायचं की नाही. दोन वर्षं पोरगी यासाठी राबली होती. मला हे सगळं थोतांड वाटतं, पण सकाळपासून ती तीनदा नऊवारी सोडून नेसली, म्हणून मीही देवापुढे दिवा लावला. आमच्या ह्यांना मुद्दाम सामानाची यादी देऊन बाहेर पिटाळलं. घरात असते तर नाक खुपसलंच असतं.

पुरणपोळी झाली. कटाची आमटी वाटीत ओतून शिखा कॅमेऱ्याकडे बघत गोड हसली. "ही आमची पिढ्यानपिढ्यांची चव. यात दुसरं काही घालायचं नाही बरं का!"

तेवढ्यात हे आले. यादीतलं काहीच न आणता फक्त शेवेची पुडी घेऊन. वाटी दिसल्यावर आमच्याकडे जे होतं तेच झालं. मूठभर शेव आमटीत!

मी डोळेच मिटले. आणि शिखा किंचाळली, "पपा! फीकी सेव कोण टाकतं आमटीत? लौंगवाली, तिखट टाका ना! सामने तर ठेवली आहे!"

मग तिला फोन आठवला. तो बंद करून, नथ काढून, ती माझ्या खांद्यावर हमसून हमसून रडली. मलाही रडू आलं. हे कोपऱ्यात उभे राहून आमटी खात होते. त्यांना मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. नथवाल्या सुना त्यांच्याकडे ढिगाने होत्या, शेवेवरून सासऱ्यावर खेकसणारी एकच सापडली होती. शिखाला घेतलं, ह्यांच्यासकट! पोरीने मला धरून गरगर फिरवलं, माझे गुडघे विसरून.

शूटिंगसाठी कंपनीने लिहून पाठवलं, 'काका नकळत शेव टाकतात.' पहिल्या खेपेला हे इतके सहज आले की कॅमेऱ्यात दिसलेच नाहीत. दुसऱ्या खेपेला त्यांनी कॅमेऱ्याला नमस्कार केला. नकळत टाकणं चौदाव्या खेपेला जमलं, आणि दर खेपेला ती आमटी खाऊन दाखवावी लागली.

दुपारी जेवायला बसलो. मी सवयीने शेवेचा डबा पुढे केला, तर ह्यांनी वाटीवर हात ठेवला. "आज सादीच दे गं."

चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं. शिखाचा घास हातातच राहिला.

"पपा, बस्स, असंच बसा! हिलना मत, मी फोन आणते!"