पांगुळगाड्याची घुंगरं

नातवंडाचा पांगुळगाडा आजोळहून येतो, ही आमच्याकडची रीत. माझी सून प्रांजल. तिच्या आईने, सुगंधाताईंनी, तर प्रांजल लहानपणी ज्याला धरून चालायला शिकली तो जुना लाकडी गाडा घासूनपुसून तयारही ठेवला होता. मीच फोनवर तोरा मिरवला. "राहू दे हो ताई. अक्षताचे आजोबा घरी बनवणार आहेत. नवाकोरा."

रिटायर झाल्यापासून ह्यांना लेथ घ्यायचं वेड लागलं होतं. लाकूड गरगर फिरवायचं आणि पटाशीने गोल कातायचं, ते मशीन. मुलुंडच्या आमच्या बाल्कनीत जागाही करून झाली. मग निवड सुरू झाली. ड्रिलला जोडायचं सगळ्यात स्वस्त, पण थरथरतं म्हणे. छोट्यात गाड्याचा आडवा दांडा बसत नाही. मोठं आमच्या ऐपतीबाहेरचं. जेवताना व्हिडिओ, झोपताना व्हिडिओ.

श्रावणात एक मधलं मशीन ह्यांच्या मनात भरलं. ऑर्डर देणार, तोच मी म्हटलं, "थांबा ना जरा. दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्त मिळेल. कुठे पळून जातंय?"

मशीन कुठे पळालं नाही. अक्षताच पळाली. नवरात्रात ती स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल ढकलत घरभर चालू लागली. मी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण नजर बाल्कनीतल्या रिकाम्या जागेकडे गेली. हे मोबाईल उपडा ठेवून बसून राहिले.

दसऱ्याला सुगंधाताई घाटकोपरहून आल्या. पिशवीत हळदकुंकू, नारळ आणि रुमालात बांधलेली पितळी घुंगरं.

"प्रांजलच्या गाड्याची आहेत," त्या म्हणाल्या. "गाडा देऊन टाकला शेजारच्या जयाला, तिच्या नातवासाठी. ही तेवढी काढून ठेवली, नव्याला लावायला. आज पूजा पण होऊन जाईल ना. कुठाय गाडा?"

प्रांजलने आईला काहीच कळू दिलं नव्हतं. सासरची लाज राखली होती तिने. आता ती मान खाली घालून आत निघून गेली.

"ते मशीनच अजून..." ह्यांचं वाक्य पुरं झालं नाही. मशीन दुरुस्तीला गेलंय, गाडा रंगाला दिलाय, असं काहीतरी ठोकून द्यावं असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात अक्षता स्टूल खरखरवत समोर आली.

सुगंधाताईंनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. "चालायला पण लागली माझी बाय," एवढंच म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि स्टुलाच्या एकेका पायाला घुंगरू बांधलं. स्टुलाला हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात नारळ ठेवला आणि हात जोडले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एखादा टोमणा मारला असता, तर मी उलटून बोलले असते, भांडले असते, मोकळी झाले असते. त्यांनी चहा घेतला, नातीचा पापा घेतला आणि गेल्या.

त्या गेल्यावर हे घुंगरं सोडायला वाकले, तर अक्षताने भोकाड पसरलं. म्हणून ती अजून तिथेच आहेत. स्टूल सरकलं की वाजतात, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही.