खोपटापाशी अडकलेला ट्रक

"फांद्या घालायच्या राहिल्या," एडविन म्हणाला आणि ट्रकच्या मागच्या पट्ट्यापाशी गुडघ्यांवर बसला.

ट्रक जर्मन सैन्याने टाकून दिलेला. पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे. एडविनने पुढच्या चाकांखाली लाकडी फळ्या बांधून तो बर्फावर चालता केला होता. युद्धात जळालेल्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावांना दोन हिवाळे त्याच्यामुळेच पीठ आणि रॉकेल मिळत होतं. थांबलं की पट्ट्यांखाली बर्च झाडाच्या फांद्या सरकवायच्या, नाहीतर खालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि ट्रक जमिनीला चिकटतो. आणि नेमका आजच हा बाबा विसरला! खाली गावात त्याची मुलगी बोर्गहिल्ड सकाळपासून अडली होती, आणि तिच्याकडे निघालेली मी, सुईण, इथे डोंगरावरच्या विसाव्याच्या खोपटापाशी.

"दोन वर्षांत कधी विसरला नाहीत, आणि आजच बरं सुचलं!" मी तोंड सोडलं. तेवढ्यावर न थांबता आत जाऊन चुलीवरची किटली आणली आणि उकळतं पाणी पट्ट्यावर ओतलं.

"बाई, थांबा..."

उशीर झाला होता. मिनिटभर वाफ आली, मग त्या पाण्याचा टणक बर्फ झाला.

"आता आणखी घट्ट बसला," तो म्हणाला. त्याने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्याने बादलीभर गरम राख आणून पसरली, कुऱ्हाडीने बर्फ फोडला, मग हातमोजे काढून पट्ट्याच्या कड्यांमध्ये बोटं घातली.

"अहो, हात गोठून जातील! हातमोजे घाला."

"हातमोज्यात कडी हाताला लागत नाही."

"पण विसरलात कसे?"

"तुम्ही गारठून बसल्या होतात. पाय हलेना तुमचा. उचलून आत नेलं, त्यात राहिलं."

मी बादली उचलली. चुलीतली राख आणत राहिले. तासाभराने ट्रक हिसका देऊन सुटला, तेव्हा मला रडूच आलं.

गावात पोचून पाहिलं, तर मूल पायाळू होतं. बोर्गहिल्डचे ओठ पांढरे पडले होते. पण मूल सुटलं आणि चांगलं खणखणीत रडलं. मी बाहेर आले, तर एडविन अजून ट्रकपाशीच उभा.

"दोघं ठीक?" त्याने विचारलं.

"दोघी ठीक. नात झालीय तुम्हाला."

तो ट्रकच्या पायरीवर मटकन बसला.

आत आल्यावर मी बाळ पुढे केलं. "घ्या की!"

"नको, हातांना रॉकेलचा वास येतो." दोन्ही हात पाठीमागे धरून तो वाकला आणि बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं.

"बाबा, हात पुढे करा बघू," बोर्गहिल्ड म्हणाली.

"गाव पिठासाठी थांबलंय," तो म्हणाला आणि दार खांद्याने ढकलून बाहेर गेला.