डायवरचे कान

मालक लोकायले वाटते, मोटर रस्त्यात उभी राह्यली म्हणजे बिघडली. अरे बाप्पा, उभी राह्यते तवा तं सारं आटपलेलं असते! बिघडते ती त्याच्या आठ-पंधरा दिस आधी. ब्रेक दाबला की पाय जरासा खोल जाते, ष्टेरिंग एका अंगाले ओढते, चढावर जळका वास येते. तवाच तिले मिस्तरीपाशी नेली पाह्यजे. पण सांगतलं तं म्हणतात, "चालून राह्यली ना? मंग चालू दे." मी तं थकलो बुवा सांगू सांगू.

मी शालिग्राम, डोणगावच्या भगवंतरावांच्या मोटरीवरचा डायवर. महाराष्ट्र झाला त्या साली लागलो, आता नऊ वर्सं झाली. त्याच्या आधी बारा वर्सं ट्रक हाकला, इंजिन निरा कानाच्या बुडाशी. त्यानंच कान खाल्ले. आधी डावा गेला, मंग उजवा. माणूस समोर असला तं तोंडाच्या हालचालीवरून समजते, पाठीमागून बोलला की काई नाई. ही गोठ फक्त माझ्या बायकोले, अंबूबाईले, ठाऊक. ती म्हणे, "कोणाले सांगू नका. बहिऱ्या डायवरले कोण ठेवते? मंग खासान काय, माती?" तिचंही खरंच होतं. शेत नाई, दुसरा हुन्नर नाई, वय पन्नाशीले टेकलेलं.

पण मोटर मले समजे. चालवताना मी चप्पल कधी घातली नाई, तळपायाले सारं लागते. आन् इंजिन तपासाचं असलं की स्क्रू पिळाचा लांब पेचकस घ्यावा, टोक इंजिनावर टेकवावं, मूठ दातात धरावी. हाडातून आवाज वर चढते. लोकायले वाटे ही याची कलाच हाये. सुलतानपूरचे किसनराव मुद्दाम जीप घेऊन येत आन् म्हणत, "शालिग्राम, जरा दात लाव बा हिले." दोन-चार जण पाह्याले उभे राहत. मले शरम वाटे, आन् खरं सांगतो, बरंही वाटे.

त्या दिवशी मालकाच्या मायले, रुखमाबाईले, दुसरबीडले लेकीकडे न्याचं होतं. एरवी मालक पुढे माझ्या बाजूले बसत, त्या दिवशी बुढी एकटीच मागच्या शिटावर. मेहकर सुटलं, तं रस्त्यावर नवी गिट्टी पसरलेली. तळपायाले नुसता खडखडाट, दुसरं काही लागेच ना. मी आपला समोर पाह्यत चाललो. सुलतानपूरच्या अलीकडे माझ्या खांद्यावर काठीचा रट्टा बसला. मागे वळून पाह्यलं तं बुढी लालबुंद.

"मस्ती चढली का बे तुले? मेहकरपासून बोंबलून राह्यली मी, चाक किंचाळून राह्यलं म्हणून! जात्यात खडा अडकल्यावानी! आन् तू मान बी वळवत नाई!"

मोटर उभी केली. उतरलो तं जळक्या ग्रीसचा वास. समोरच्या डाव्या चाकाच्या बुडाशी थुकलो, तं थुका उकळून उडून गेला. बेरिंग कोरडं पडून जळालं होतं. असा बारीक, चिरका आवाज पायाले लागत नाई. आन् पळत्या चाकाले पेचकस कोण लावते? पुढे उतार होता आन् उताराच्या तोंडाशी पूल. तिथं चाक निघालं असतं तं मी आन् बुढी, दोघंही नाल्यात. दहा-बारा मैल ती माय वरडत होती, आन् मी निवांत.

मेहकरचा मिस्तरी आणला, त्यानं बेरिंग बदललं. बुढी म्हणाली, "नाई जाचं आता दुसरबीडले, वापस चाल." दिवेलागणीले डोणगावात आलो. उतरल्या उतरल्या तिनं लेकाले सांगतलं, "याले गुर्मी आली. म्हाताऱ्या माणसाचं आइकत नाई."

मालक भले माणूस. म्हणाले, "शालिग्राम, मायच्या पायाले हात लाव, माफी माग, झालं. आन् परवा माझ्या लेकीले, सोजराले, सासरी पोचवाचं हाये. लेकरू तीन महिन्याचं हाये तिचं. मोटर सांभाळून नेजो."

बस्स, इतकंच कराचं होतं. वाकाचं, पाय धराचे, नोकरी शाबूत. गुर्मीचा डायवर चालते, बहिरा चालत नाई. मी वाकलो बी, बुढीच्या पायाले हात लावला. अंबूबाईचं तोंड आठवलं. पण डोळ्यापुढे तो उतार दिसत होता, आन् मागच्या शिटावर सोजराबाई लेकरू पोटाशी धरून वरडत होती.

"मालक, मले आइकू येत नाई."

मालक हासले. "काय बाता करतं बे! अख्ख्या तालुक्याच्या मोटरी तुझ्यापाशी येतात, आन् तुले आइकू येत नाई?"

"ते दातानं समजते मालक. कानानं नाई."

"मंग आता कसा बोलून राह्यला माझ्यासंगं?"

"तुमच्या तोंडाकडे पाहून."

त्यायचं हासू गेलं. मी मुंडी हलवून हो म्हणलं, तरी त्यायले पटत नव्हतं. म्हणाले, "भिताडाकडे तोंड कर. मी मागून हाक मारतो. आइकू आली तं हात वर कर."

उभा राह्यलो भिताडाकडे तोंड करून, इतक्या मोठ्या वयात. म्हणलं देवा, एक डाव, फक्त एक डाव आइकू येऊ दे. मीच कबूल केलं होतं, तरी मन कसं लाचार असते पाहा. काही आलं नाई. वाटलं, मालकानं अजून सुरूच केलं नसंन, बिडी पेटवत असतीन. हात वर कराले तयार ठेवला होता, तो दुखाले लागला. आणखी थांबलो. मंग राहवलं नाई, वळून पाह्यलं.

मालकाच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, कपाळावर घाम. रस्त्यापलीकडच्या दुकानातले लोक बाहेर येऊन पाह्यत होते. शेजारच्या बाया दारात उभ्या. सोजराबाई ओसरीवर धावत आलेली, आन् तिच्या कडेवरचं लेकरू दचकून रडत होतं. त्याचं उघडं तोंड मले दिसलं. रुखमाबाईनं पदर तोंडाले लावला होता.

मी खिशातून मोटरची किल्ली काढली आन् मालकाच्या हातावर ठेवली. मालक खाली मान घालून काहीतरी बोलले. काय बोलले ते मले समजलं नाई.