ठोकळ्यांची परीक्षा

अर्धांगवायूच्या झटक्याने शिंप्याचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा इस्पितळाने त्याला एका संशोधनात घेतलं. रोज व्यायाम करायचा, आणि हात किती सुधारला ते ठरवायला परीक्षा एकच: या पेटीतले लाकडी ठोकळे उचलून त्या पेटीत टाकायचे.

पहिल्या परीक्षेत त्याची फजिती झाली. गडी मुलखाचा हट्टी. सुतार मेव्हण्याकडून त्याने हुबेहूब तसलेच ठोकळे करून घेतले आणि घरी दिवसभर तेवढंच गिरवत बसला.

बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा सदऱ्याचं बटण लावून बघा की!"

"तुला काय कळतंय? परीक्षेत बटण विचारत नाहीत."

शेवटच्या परीक्षेत त्याने पेटी बघता बघता रिकामी केली. डॉक्टरीणबाईंनी टाळ्याच वाजवल्या. "कमाल केलीत काका! आता व्यायामाला यायची गरज नाही. तुमची जागा उद्यापासून दुसऱ्या पेशंटला देते."

शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. "पण बाई, मला अजून सुईसुद्धा धरता येत नाही."

"सुईचं आम्ही मोजत नाही हो," बाई कौतुकाने म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तपासणीसाठी काढलेला सदरा बायकोने त्याच्या अंगात चढवला. जन्मभर दुसऱ्यांच्या सदऱ्यांना काजं-बटणं केलेला माणूस लहान पोरासारखा हनुवटी वर करून उभा राहिला.

गळ्याचं बटण लावत बायको म्हणाली, "चला. पहिले आलात ना!"