लंडनहून बारा तास

लिडियानं लाकडाचा भुसा बाजूला सारून बर्फाची लादी चाचपली. उरली होती वीतभर. शमुवेलनं काल दौंड स्टेशनावरून पोत्यात गुंडाळून आणलेल्या दोन लाद्या मार्चच्या उन्हात कुठवर टिकणार? पेटीखालून पाण्याचा ओघळ पार उंबऱ्यापर्यंत गेला होता.

पेटीत आबा होते. धाकट्या योसेफची तार आली होती, बुधवारी संध्याकाळी सहाला लंडनहून विमान, मी येईपर्यंत थांबा.

शमुवेल सकाळपासून ती तार हातात घेऊन फिरत होता. "साडेचार हजार मैल, अक्का. बारा तास. म्हंजी आज सकाळी सहाला ममई. टॅक्सी केली तर एक वाजता दारात."

आता साडेतीन झाले होते. अंगणात माणसं चुळबुळत होती, पाळकसाहेब घड्याळ बघत होते.

"हौशीराम जीप देतो म्हनतोय. दौंडास्नं आजून दोन लाद्या आणू का?" शमुवेलनं विचारलं.

लिडियानं भुसा पुन्हा लादीवर लोटला. वीस वर्षं ती मिशनच्या शाळेत भूगोल शिकवत होती. आपल्याकडं उजाडतं तेव्हा लंडन गाढ झोपेत असतं, हे तिची चौथीतली पोरंसुद्धा घडाघडा सांगत. शमुवेलची शाळा दुसरीतच सुटलेली. विमान मुंबईला टेकलं असणार साडेअकराला. योसेफ दिवेलागणीला पोचणार, हे तिला तार वाचली तेव्हाच कळलं होतं.

पण का सांगावं? नऊ वर्षांत पठ्ठ्या एकदा फिरकला नाही, आई गेली तेव्हासुद्धा नाही. आबांचं हगणं-मुतणं काढलं ते लिडियानं. आणि शेवटच्या घटकेला आबांच्या तोंडी नाव कुणाचं, तर योसेफचं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"न्हाई यायचा तो," ती म्हणाली. "झाकण लाव."

"अक्का, तार केलीय की त्यानं."

"तारा करायला काय जातंय त्याचं! लाव म्हणते ना."

शमुवेलनं खिळे ठोकले. चारला पेटी दफनभूमीकडं निघाली.

दिवेलागणीला फाटकाशी टॅक्सी थांबली. लिडिया कंदील घेऊन ओट्यावर आली. शमुवेलनं योसेफच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "चारपस्तोर थांबलो रं! बारा तास धरले व्हते मी."

"तिकडचं घड्याळ साडेपाच तास मागं असतं, दादा."

"आन् मला आडाण्याला ते कुठलं ठावं! माझ्यापायी तुला आबांचं तोंड दिसलं न्हाई!" शमुवेल कपाळ बडवू लागला.

योसेफनं त्याचे हात धरले. मग त्यानं ओट्याकडं पाहिलं.

"याच कंदिलापुढं मोसंबं फिरवून दाखवायचीस ना, अक्का? इथं दिवस, तिथं रात्र. मी पाच वर्षांचा होतो."

शमुवेलचं रडणं थांबलं. त्यानं मान वर करून बहिणीकडं पाहिलं.

लिडियानं कंदील खाली ठेवला.

"पाय धुवा दोघं," ती म्हणाली. "शेजारनं पिठलं आलंय, ते निवतंय."